एकच नाव, सगळ्या कागदांवर

1976 मध्ये जनता कॉलनी हटवून ट्रॉम्बेचा चीता कॅम्प वसवला गेला. कागदाची किंमत इथल्या बुजुर्गांना सांगायला नको. पण मुलांच्या प्रवेशाच्या वेळी अडतं ते नावावर. दहावीच्या गुणपत्रिकेवर ‘शेख’चं इंग्रजी स्पेलिंग एक, आधारवर दुसरं; कुठे पूर्ण ‘मोहम्मद’, कुठे अर्धाच. जवळच देवनारला टाटा समाजविज्ञान संस्था आहे. तिथे किंवा आणखी कुठे पदव्युत्तर अर्ज करायचा असेल, तर दहावीचं नाव प्रमाण धरून बाकीचे कागद आताच जुळवून घ्या. ओबीसी मुलांना केंद्रीय संस्थांसाठी केंद्राच्या नमुन्यातलं नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र लागतं. राज्याच्या नमुन्यावर भागत नाही. निकालाची वाट न पाहता तहसील कार्यालय गाठा. लेकीने गुणांनी मिळवलेली जागा एका अक्षरापायी जाऊ देऊ नका.