परसातील मैफल आणि शेजाऱ्याची भिंत

बंगळूरमध्ये उघड्यावर गाणे ऐकण्याची रीत जुनी आहे. चामराजपेठेत 1939 साली सुरू झालेला रामनवमीचा संगीतोत्सव मांडवातच भरत आला. परंतु मांडव वेगळा आणि घरामागचे परस वेगळे. 1898 च्या प्लेगनंतर वाढलेल्या बसवनगुडी, मल्लेश्वरम् यांसारख्या वस्त्यांत घराभोवती मोकळी जागा असे. आज अशा अनेक जागी बहुमजली इमारती उभ्या असून शेजाऱ्याच्या खिडक्या थेट परसात उघडतात. म्हणून चार-पाच वादकांच्या मैफलीची आखणी करताना पहिला विचार श्रोत्यांचा नव्हे, तर आमंत्रण नसलेल्या शेजाऱ्याचा करावा लागतो.

कायद्याने याचे माप घालून दिले आहे. ध्वनिप्रदूषणासंबंधीच्या 2000 सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. खाजगी जागेतील ध्वनियंत्रणेचा आवाज आवाराच्या सीमेवर त्याहून 5 डेसिबलपेक्षा अधिक वाढता कामा नये. ध्वनिवर्धकास लेखी परवानगी लागते आणि रात्री दहानंतर तो उघड्यावर चालत नाही.

हे आकडे किती कडक आहेत, ते साध्या हिशेबाने कळते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे 6 डेसिबलने उतरतो. जोराने वाजणाऱ्या ड्रमचा आवाज एक मीटरवर 100 डेसिबल आहे असे समजू. दोन मीटरवर तो 94, चारवर 88, आठवर 82 आणि सोळा मीटरवर 76 होईल. सोळा मीटर लांबीचे परस या शहरात किती जणांच्या नशिबी असते? शिवाय भोवतालच्या भिंतींवरून ध्वनी परतत असल्याने प्रत्यक्षातील उतार याहूनही कमी असतो. तात्पर्य, पूर्ण ड्रमसंच परसात बसत नाही. मृदंग, घटम् किंवा ब्रशने हळुवार वाजविलेला एखादाच ड्रम बसू शकतो, आणि तोही मोजून पाहिल्यावर.

कुंपणाच्या भिंतीने तार स्वर बरेचसे अडतात. खर्ज मात्र वळून पलीकडे जातो. यास्तव एकच मोठा कर्णा दूर ठेवण्याऐवजी दोन लहान ध्वनिवर्धक श्रोत्यांजवळ, कुंपणाकडे पाठ करून आपल्याच घराकडे तोंड करून ठेवावेत आणि खर्ज कमी करावा.

विजेची बाब थोडक्यात. गिटारचा वर्धक आणि मायक्रोफोनची यंत्रणा एकाच, नीट भूसंपर्कित जोडणीवर असावी. एरवी तारांना हात आणि मायक्रोफोनला ओठ एकाच वेळी लागले असता धक्का बसण्याचा संभव असतो. गळती होताच प्रवाह तोडणारी कळ बसविणे इष्ट.

सप्टेंबर-ऑक्टोबरात येथे पाऊस जोराचा, आणि एप्रिल-मे महिन्यांत संध्याकाळी वळीव येतो. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ कोरडा. बेत ठरला की शेजारच्या दारी स्वतः जाऊन वार, वेळ आणि समाप्तीची घटका सांगावी. तेथे तान्हे मूल वा आजारी माणूस असेल तर मैफल दुपारी घ्यावी, किंवा ध्वनिवर्धक मुळीच न लावता खोलीत.