प्रोग्राम घडतो कसा? – भाग ५ : दिलेले परत न घेणारे भांडार

समजा, दर्यापुरातल्या एका जिनिंगसाठी कुणी कापसाच्या गाठींची नोंद ठेवणारा प्रोग्राम रस्ट भाषेत लिहिला. हंगाम संपला, पावसाळ्यात कॉम्प्युटर बिघडला. दिवाळीच्या सुमारास नवा कॉम्प्युटर आला आणि तोच प्रोग्राम त्यावर पुन्हा उभा करायची वेळ आली. मागच्या भागात पाहिलेला कंपायलर मिळेल, स्वतः लिहिलेला कोड पेन ड्राइव्हवर आहे. पण तेवढ्याने भागत नाही. तारखा लावणे, एक्सेलची फाइल काढणे ही कामे इतरांनी लिहिलेल्या पॅकेजांवर सोपवलेली असतात आणि ती पॅकेजे आणखी कुणाच्या पॅकेजांवर उभी असतात. ती सगळी जशीच्या तशी परत मिळतील का?

रस्टमध्ये ही जबाबदारी दोघांवर आहे. कार्गो हे बिल्ड टूल. काय काय लागते ते पाहायचे, उतरवून घ्यायचे, योग्य क्रमाने कंपाइल करायचे, हे त्याचे काम. आणि क्रेट्स डॉट आयओ हे पॅकेजांचे भांडार, २०१४ पासून चालू असलेले. कार्गो बांधणारे येहुदा कॅट्झ आणि कार्ल लर्श यांनी त्याआधी रुबी भाषेसाठी बंडलर हे टूल घडवले होते, त्यामुळे अनुभव गाठीशी होता.

भांडारातून माल काढून घेतला तर काय होते, हे मार्च २०१६ मध्ये जगाने पाहिले. जावास्क्रिप्टच्या एनपीएम भांडारात अझेर कोचुलू यांचे ‘किक’ नावाचे पॅकेज होते. त्या नावावर किक कंपनीने हक्क सांगितला आणि एनपीएमने ते नाव कंपनीला दिले. कोचुलूंनी आपली सगळी पॅकेजे काढून घेतली. त्यांतच ‘लेफ्ट-पॅड’ होते, अवघ्या अकरा ओळींचे. मजकुराच्या डाव्या बाजूला ठरावीक जागा भरणे, एवढेच त्याचे काम. पण बेबेलसारखी मोठी टूल्स त्यावर टेकलेली होती. जगभर बिल्ड अडले. काही तासांतच एनपीएमने ते पॅकेज परत ठेवले आणि पुढे पॅकेज काढून घेण्याचे नियम कडक केले.

क्रेट्स डॉट आयओचा नियम आधीपासूनच कडक आहे. एकदा चढवलेली आवृत्ती बदलता येत नाही. त्याच क्रमांकाने दुसरे काही चढवता येत नाही. चूक सापडली तर नवा क्रमांक देऊन नवी आवृत्ती काढायची आणि जुनी ‘यँक’ करायची. यँक केलेली आवृत्ती नव्या कामासाठी निवडली जात नाही, मात्र जे आधीपासून तिच्यावर अवलंबून आहेत त्यांना मिळत राहते. एकाच क्रमांकाच्या दोन गाठी बाजारात आल्या तर लॉटवर कोण विश्वास ठेवील?

हा विश्वास कार्गो स्वतः तयार करते त्या लॉक फाइलमध्ये दिसतो. आपण मागणीत नुसते ‘१.०’ लिहिले, तर कार्गो २.० च्या आतली कोणतीही पुढची आवृत्ती चालवून घेते. लॉक फाइलमध्ये मात्र नेमका क्रमांक असतो आणि त्याखाली चौसष्ट अक्षरांचा चेकसम, म्हणजे पॅकेजच्या मजकुरावरून काढलेली खूण. पॅकेजमधला एक स्वल्पविराम जरी बदलला तरी चेकसम जुळत नाही आणि कार्गो तिथेच थांबते.

हे भांडार सांभाळणाऱ्यांचे काम सोपे नाही. पॅकेजे वाढतच जातात, इतरांच्या वापरातली जुनी टाकता येत नाहीत. घातक कोड आढळला तर तो मात्र तातडीने हटवावा लागतो, आणि ते ठरवायला माणसेच लागतात. २०२१ मध्ये स्थापन झालेले रस्ट फाउंडेशन या यंत्रणेला आधार देते. तरीही स्वयंसेवकांच्या वेळेशिवाय हे भांडार चालले नसते. नवे देणाऱ्याचे कौतुक सगळेच करतात. जुने टिकवणाऱ्याचे ऋण त्याहून मोठे आहे, असे मी मानतो.

आपल्या हाती दोन गोष्टी आहेत. लॉक फाइल कोडसोबतच जपून ठेवा. आणि ‘कार्गो व्हेंडर’ ही आज्ञा देऊन लागणारी सगळी पॅकेजे एका फोल्डरमध्ये उतरवून घ्या. त्यानंतर कार्गो दाखवते त्या ओळी कॉन्फिग फाइलमध्ये टाकल्या, की ऐन हंगामात नेट गेले तरी बिल्ड अडणार नाही.

पुढील भागात : आवृत्तीच्या क्रमांकातले तीन आकडे काय सांगतात?