विद्यार्थ्यांचे अभिव्यक्तिस्वातंत्र्य

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(क) नुसार प्रत्येक नागरिकास भाषण व अभिव्यक्ती यांचे स्वातंत्र्य आहे. या मूलभूत हक्कास वयाची अट नसल्याने तो शालेय विद्यार्थ्यांनाही आहे.

संविधानापूर्वी
१९३८ मध्ये निजामाच्या हैदराबाद संस्थानातील औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील इंटरमिजिएट कॉलेजच्या वसतिगृहात 'वंदे मातरम्' गाण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली. विद्यार्थ्यांनी ती मानली नाही. चळवळ संस्थानभर पसरली आणि उस्मानिया विद्यापीठाने अनेकांना काढून टाकले. त्यांपैकी बऱ्याच जणांनी नागपूर विद्यापीठात प्रवेश घेतला. त्या वेळी दाद मागण्यासाठी मूलभूत हक्कांचा आधार नव्हता.

संविधानानंतर
१९८५ मध्ये केरळातील तीन भावंडांना राष्ट्रगीत न म्हटल्याबद्दल शाळेतून काढण्यात आले. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत. मात्र धर्मश्रद्धेमुळे गात नसत. ११ ऑगस्ट १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पुन्हा प्रवेश देण्याचा आदेश दिला. अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर निर्बंध घालण्यासाठी कायदा लागतो, केवळ खात्याचे परिपत्रक पुरत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. औरंगाबादेत प्रश्न गाण्याचा होता, केरळात न गाण्याचा. दोन्हींच्या मुळाशी हक्क एकच.

मर्यादा
अनुच्छेद १९(२) नुसार सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, अब्रुनुकसानी, गुन्ह्यास चिथावणी इत्यादी कारणांसाठी कायद्याने वाजवी निर्बंध घालता येतात. उदाहरणार्थ, धड्यातील मत पटले नाही असे विद्यार्थी सांगू शकतो. परंतु सहाध्यायाची खोटी बदनामी करण्याची मुभा या हक्काने मिळत नाही.