कुत्रा, दोन मांजरं आणि मधलं बंद दार

या भागाची मागणी बऱ्याच दिवसांपासून होती. कुणी विचारतं, "घरात मांजर आहे, कुत्रा आणू का?" कुणी विचारतं, "आणलाय, आता मांजर पलंगाखालून बाहेरच येत नाही, काय करू?" दुसरा प्रश्न एकेकाळी माझाच होता, म्हणून आधी माझी चूक सांगते.

आमच्याकडे दोन मांजरं होती. बंड्या हा बोका आणि सोनी ही त्याची बहीण. मागच्या पावसाळ्यात आम्ही वर्षभराचा एक देशी कुत्रा घरी आणला, खंडू. पहिल्याच संध्याकाळी मी बंड्याला उचललं, खंडूच्या नाकासमोर धरलं आणि लाडात म्हटलं, "बघ, हा तुझा दादा." बंड्याने माझ्या खांद्यात नखं रुतवली आणि थेट ओट्यावर उडी मारली. खंडू त्याच्या मागे. दोन भांडी खाली आली. सगळा प्रकार अर्ध्या मिनिटाचा, पण निस्तरायला तीन महिने गेले.

दहाव्या दिवशी बंड्या सारखा लिटर बॉक्समध्ये जाऊन बसायला लागला. जोर करायचा, ओरडायचा, तसाच बाहेर यायचा. मला वाटलं पोट साफ होत नाहीये. एरंडेल द्यावं का, असाही विचार आला. नशीब, दिलं नाही. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि लगेच टेबलावर घेतलं. लघवी अडकली होती. नळी घालावी लागली, दोन दिवस सलाईन चाललं. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "घरात नवीन काय झालंय?"

ताणाचा मूत्राशयाशी काय संबंध?

मांजरांमध्ये संसर्ग नसतानाही मूत्राशयाला सूज येते आणि ताण हे त्याचं एक मोठं कारण मानलं जातं. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो, त्यामुळे तो तुंबू शकतो. तुंबला की रक्तात पोटॅशियम वाढतं, हृदयावर परिणाम होतो आणि एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. म्हणून आजच्या भागातलं बाकी काही विसरलात तरी हे विसरू नका: बोका लघवीला बसतोय आणि होत नाहीये, तर सकाळची वाट बघू नका. तसंच मांजराने एक दिवसभर काहीच खाल्लं नाही, तरी डॉक्टरांना फोन करा. उपाशी राहिलेल्या मांजराच्या, विशेषतः जाड मांजराच्या, यकृतात चरबी साठायला लागते.

भांडण नेमकं कशाचं?

आपण त्याला कुत्र्या-मांजराचं वैर म्हणून मोकळे होतो. खरं तर दोघांचे प्रश्न वेगळे असतात.

मांजर शिकारी आहे, पण मोठ्या प्राण्यांची शिकारही होतं. त्यामुळे "हा कुत्रा मला आवडतो का?" हा त्याचा प्रश्नच नसतो. "मला हवं तेव्हा इथून निघून जाता येईल का?" हा असतो. मी बंड्याला हातात धरलं तेव्हा नेमकं तेच काढून घेतलं.

कुत्र्याचं उलटं. त्याच्यासाठी पळणाऱ्या गोष्टीमागे धावणं हेच बक्षीस असतं. मांजर सापडलं नाही तरी धावण्याची मजा मिळाली, की उद्या तो पुन्हा धावणार. म्हणून "होईल सवय, भांडू दे दोन दिवस" हा सल्ला चुकीचा आहे. सवय होते, पण पाठलागाची!

त्यात भाषेची गफलत. खंडू सैल अंगाने शेपूट हलवतो तेव्हा तो खुशीत असतो. बंड्याची शेपटी सटासट आपटते तेव्हा तो वैतागलेला असतो. खंडू पुढचे पाय टेकून खेळायला बोलावतो, बंड्याला ती झेप घेण्याची तयारी वाटते.

आम्ही काय केलं

दवाखान्यातून आल्यावर आम्ही सगळं शून्यापासून सुरू केलं. मांजरांना आतली खोली दिली. तिथेच खाणं, पाणी, लिटर बॉक्स. दार बंद. खंडू बाहेर. आठवडाभर एकमेकांचं तोंडही बघायचं नाही. फक्त वासाची ओळख: खंडूच्या अंथरुणाचा तुकडा आत, मांजरांचं फडकं बाहेर. मग दाराच्या दोन्ही बाजूंना जेवणाच्या वाट्या, आधी लांब, मग रोज थोड्या जवळ. कुणी खायचं थांबलं, की वाटी पुन्हा मागे.

नंतर दारात जाळीचं गेट लावलं. खंडूला पट्टा. त्याने मांजराकडे पाहिलं की मी हळूच नाव घ्यायची. माझ्याकडे वळला, की उकडलेल्या चिकनचा तुकडा. इथे एक सोपी खूण सांगते. चिकन दिसत असूनही तो घेत नसेल, तर तुम्ही फार जवळ आहात. दोन पावलं मागे घ्या. सुरुवातीला आमचं "जवळ" म्हणजे हॉलचं दुसरं टोक होतं.

तिसऱ्या महिन्यात गेट उघडलं, तेही खंडू दमून आल्यावर आणि पट्टा तसाच जमिनीवर लोळत ठेवून. आम्ही घरात नसताना आजही दार बंद असतं.

घराची मांडणी

जागा लहान असेल तर उंची वापरा. फ्रिजचा माथा, कपाटावरची जागा, भिंतीला दोन मजबूत फळ्या. जमिनीला पाय न लावता मांजराला खोली ओलांडता आली पाहिजे. लिटर बॉक्स मांजरांपेक्षा एक जास्त, म्हणजे दोघांना ३, आणि असे ठेवा की कुत्रा वाट अडवू शकणार नाही. मांजराचं खाणं उंचावर ठेवा, कारण कुत्र्याला ते फार आवडतं. पण मांजराला कुत्र्याच्या खाण्यावर ठेवू नका. मांजराला टॉरिन अन्नातूनच मिळावं लागतं आणि कुत्र्याच्या खाण्यात ते पुरेसं असेलच असं नाही.

आणि गुरगुरला म्हणून ओरडू नका. गुरगुरणं ही सूचना आहे. ती दाबली तर एक दिवस सूचनेशिवाय चावा बसतो. शिवाय मांजर दिसलं की बोलणी बसतात, हे गणित कुत्र्याच्या डोक्यात पक्कं होतं. अंतर वाढवा, बस्स.

आणि जमलंच नाही तर?

काही कुत्रे मांजराकडे एकटक, ताठ, आवाज न करता बघतात. चिकन नाही, हाक नाही, काही नाही. हा खेळ नव्हे. महिनाभर नीट प्रयत्न करूनही तसंच असेल, तर कायमची वेगळी खोली किंवा दुसरं चांगलं घर शोधणं, यात लाज नाही. आमची आई तर दवाखान्यातच म्हणाली होती, "अगं, एकाला कुठेतरी दे, मुक्या जिवाचे हाल नकोत." मी तेव्हा चिडले. पण तिचं म्हणणं चूक नव्हतं. खंडू त्या खुणेला चिकन घेणारा निघाला, म्हणून आम्ही वाचलो.

आता विचाराल, मैत्री झाली का? सोनी कधीमधी खंडूच्या पायांना अंग घासून जाते. बंड्या नाही. तो कपाटावरून बघतो, खंडू खाली झोपतो. पण बंड्या पोटभर जेवतो आणि लघवी नीट होते. मला तेवढं पुरे आहे.

तुमच्या घरी काय चाललंय ते नक्की कळवा. दिवाळी जवळ आलीये. फटाक्यांना घाबरलेला कुत्रा आणि घाबरलेलं मांजर एका खोलीत कोंडू नका. भेटू पुढच्या भागात!