पिवळा दिवा आणि पंपावरचं शहाणपण

डिसेंबरात निफाडकडे पहाटे गाडी सुरू केली की डॅशबोर्डवर कधी कधी टायरच्या हवेचा पिवळा दिवा लागतो. घोड्याच्या नालासारखी आकृती, मध्ये उद्गारचिन्ह. गाडी थोडी पळाली की तो विझतो आणि ‘सेन्सर गंडलाय’ असा निकाल देऊन मालक मोकळे होतात. सेन्सर बहुधा ठणठणीत असतो. तापमान साडेपाच अंशांनी उतरलं की टायरचा दाब साधारण १ पीएसआयने घटतो. दुपारी ३० अंशांत मोजलेली हवा पहाटे ८ अंशांत ४ पीएसआयने कमी भरणारच. चालून टायर तापला की दाब वाढतो, दिवा जातो. पण मुळात हवा कमी असल्याशिवाय एकटी थंडी सहसा दिवा लावत नाही.

दिवा नाही म्हणजे हवा बरोबर, हेही खरं नाही. अमेरिकेत फायरस्टोन टायरांच्या अपघातांनंतर २००० साली कायदा झाला. त्यातून आलेल्या नियमानुसार दाब २५ टक्क्यांनी कमी झाला की इशारा मिळायला हवा. म्हणजे ३३ लागणारा टायर २६ वर आला तरी दिवा गप्प राहू शकतो.

सर्वांत घातक सल्ला मात्र हवेच्या पाइपाजवळ मिळतो: “समृद्धी महामार्गावर जाताय ना? उन्हाळा आहे, दोन-तीन पॉइंट कमीच ठेवा, साहेब.” अगदी उलटं आहे. हवा कमी असलेल्या टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त दबते आणि पुन्हा ताणली जाते. त्यातून टायर आतूनच तापत जातो. ताशी १२० च्या वेगात, तापल्या काँक्रीटवर, तासभर हे चाललं की रबराचे थर सुटू शकतात आणि टायर फुटू शकतो. चालताना दाब वाढणार, हे धरूनच कंपनीने आकडा दिलेला असतो. म्हणून वाटेत थांबून गरम टायरची ‘जास्तीची’ हवा सोडणं हाही वेडेपणाच. नायट्रोजननेही यात फार फरक पडत नाही. साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच, आणि तापल्यावर दोन्हींचा दाब जवळपास सारखाच वाढतो.

दिवा सुरुवातीला मिनिटभर लुकलुकून मग स्थिर झाला, तर बिघाड यंत्रणेत आहे. बहुतेकदा सेन्सरची बॅटरी संपलेली असते. काही गाड्यांत टायरमध्ये सेन्सरच नसतो. हवा कमी झालेलं चाक किंचित जास्त वेगाने फिरतं, त्यावरून ब्रेकचं एबीएस अंदाज बांधतं. चारही चाकांची हवा सारखीच उतरली तर ते फसू शकतं. अशा गाडीत हवा भरल्यावर रिसेट करावं लागतं.

किती हवा भरायची, हे टायरच्या बाजूवर शोधू नका. तिथे कमाल मर्यादा लिहिलेली असते. खरा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत असतो, आणि तो थंड टायरसाठी असतो. गाडी तीनेक तास उभी राहिल्यावर, जवळच्याच पंपावर हवा तपासा. स्टेपनीचीही. तिच्यात बहुधा सेन्सर नसतो.