ब्रेक्झिट : कौल मिळाला, पण कशाचा?

ब्रिटनने युरोपीय महासंघात राहावे की त्यातून बाहेर पडावे, यावर २३ जून २०१६ रोजी सार्वमत झाले. त्या दिवशी तेथील गोमंतकीयांच्या वाट्याला एक विलक्षण विसंगती आली. भारतीय पासपोर्टवर शिक्षणासाठी वा नोकरीसाठी गेलेला गोमंतकीय मतदार म्हणून नोंद करून मतदान करू शकत होता. कारण भारत राष्ट्रकुलाचा सदस्य आहे आणि ब्रिटनमध्ये कायदेशीर वास्तव्य असलेल्या राष्ट्रकुल नागरिकांना त्या सार्वमतात मताधिकार होता. त्याच्याच गावचा, त्याच्याच शेजारी राहणारा, पण पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन गेलेला गोमंतकीय मात्र मतदान केंद्राबाहेरच राहिला. आयर्लंड, माल्टा व सायप्रस वगळता अन्य युरोपीय देशांच्या नागरिकांना मताधिकार नव्हता. ज्याचे भवितव्य पणाला लागले होते त्याला मत नव्हते. ज्याला मत होते त्याच्या व्हिसावर त्या निकालाचा थेट परिणाम होणार नव्हता.

निकाल सर्वज्ञात आहे. ५१.९ टक्के मतदारांनी बाहेर पडण्याच्या, तर ४८.१ टक्के मतदारांनी राहण्याच्या बाजूने मत दिले. मतदान ७२.२ टक्के झाले. ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन महासंघातून औपचारिकरीत्या बाहेर पडला. तरीही वाद संपला नाही. लोकशाहीत बहुमताचा कौल अखेरचा मानला जातो. मग हा कौल वादाला पूर्णविराम का देऊ शकला नाही? याचे उत्तर मतांच्या आकड्यांपेक्षा विचारलेल्या प्रश्नात अधिक सापडते.

वादाची मुळे

ब्रिटन १ जानेवारी १९७३ रोजी तत्कालीन युरोपीय आर्थिक समुदायात सामील झाला. दोनच वर्षांनी, जून १९७५ मध्ये, तेथे राहावे की नाही यावर पहिले सार्वमत झाले आणि सुमारे ६७ टक्के मतदारांनी राहण्याचा कौल दिला. त्या वेळी हा समुदाय मुख्यतः एक बाजारपेठ म्हणून पाहिला जात होता. पुढे त्याचे स्वरूप पालटत गेले. १९९२ च्या मास्ट्रिक्ट करारानंतर समान चलन, सामायिक नागरिकत्व आणि राष्ट्रीय कायद्यांवर वरचढ ठरणारे युरोपीय कायदे यांचे महत्त्व वाढले. ब्रिटनने युरो स्वीकारला नाही. पण आपले कायदे कोण करतो, हा प्रश्न तेथील हुजूर पक्षात धुमसत राहिला.

२००४ मध्ये पूर्व युरोपातील देश महासंघात आले. जुन्या सदस्यांपैकी बहुतेकांनी नव्या सदस्य देशांतील कामगारांवर काही वर्षे निर्बंध ठेवले. ब्रिटन, आयर्लंड व स्वीडन यांनी मात्र आपली दारे तत्काळ उघडली. पोलंड व अन्य देशांतून मोठ्या संख्येने कामगार ब्रिटनमध्ये आले. सार्वभौमत्वाचा मूळचा तात्त्विक वाद आता घरभाडे, रुग्णालयातील रांग आणि कारखान्यातील मजुरी या रोजच्या विषयांशी जोडला गेला. पक्षातील बंडाळी शमवण्यासाठी पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांनी जानेवारी २०१३ मध्ये सार्वमताचे आश्वासन दिले. ते स्वतः महासंघात राहण्याच्या बाजूचे होते.

प्रचारात दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती झाली. सरकारने बाहेर पडल्यास तत्काळ मंदी येईल अशी भीती घातली; ती त्या रूपात खरी ठरली नाही. बाहेर पडण्याच्या समर्थकांनी लाल बसवर लिहिले की, ब्रिटन दर आठवड्याला महासंघाला ३५ कोटी पौंड पाठवतो. परत मिळणारा निधी व सवलत या आकड्यात धरलेलीच नव्हती आणि ब्रिटनच्या सांख्यिकी प्राधिकरणाने तो दिशाभूल करणारा असल्याचे म्हटले होते. मतदानानंतर देश चिरफाळलेला दिसला. इंग्लंड व वेल्स यांनी बाहेर पडण्याचा, तर स्कॉटलंड व उत्तर आयर्लंड यांनी राहण्याचा कौल दिला. तरुण व वृद्ध, महानगरे व छोटी शहरे यांच्यातील अंतरही उघड झाले. गोमंतकीयांची मोठी वस्ती असलेल्या स्विंडनमध्ये सुमारे ५५ टक्के मते बाहेर पडण्याच्या बाजूने पडली.

प्रश्न एक, अर्थ अनेक

मतपत्रिकेवर पर्याय दोनच होते. त्यांपैकी ‘राहणे’ म्हणजे काय, हे मतदाराला चाळीसहून अधिक वर्षांच्या अनुभवातून ठाऊक होते. ‘बाहेर पडणे’ म्हणजे काय, हे मात्र कोठेही लिहिलेले नव्हते. नॉर्वेप्रमाणे महासंघाबाहेर राहूनही एकसंध बाजारपेठेत सामील असणे, केवळ सीमाशुल्काची समान व्यवस्था ठेवणे, स्वतंत्र व्यापार करार करणे किंवा कोणताही करार न करता निघून जाणे, या साऱ्यांचा अर्थ ‘बाहेर पडणे’ असाच होत होता. या भिन्न अपेक्षांची मते एकाच पेटीत पडली आणि बहुमत झाले. त्यांतील एकाही मार्गाला स्वतंत्रपणे बहुमत होते का, हे कोणी विचारलेच नव्हते.

याची किंमत थेरेसा मे यांना मोजावी लागली. त्यांनी महासंघाशी केलेला करार १५ जानेवारी २०१९ रोजी ब्रिटिश संसदेने ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळला. आधुनिक काळातील तेथील सरकारचा हा सर्वांत मोठा पराभव होता. त्या वर्षी २७ मार्च रोजी खासदारांसमोर आठ निरनिराळे पर्याय ठेवण्यात आले; आठही नामंजूर झाले. बाहेर पडायचे हे ठरले होते, पण कोणत्या दाराने, यावर एकमत नव्हते. अखेर बोरिस जॉन्सन यांनी डिसेंबर २०१९ च्या निवडणुकीत ८० जागांचे मताधिक्य मिळवले तेव्हाच ही कोंडी फुटली.

उत्तर आयर्लंडचा प्रश्न सर्वांत नाजूक होता. १९९८ च्या शांतता करारानंतर तेथील आयर्लंडशी असलेली सीमा जवळपास अदृश्य झाली होती. ब्रिटन बाहेर पडताच तीच महासंघाची सरहद्द ठरली. जमिनीवर तपासणी नाके उभारले तर शांतता धोक्यात. म्हणून मालाची तपासणी ब्रिटनच्याच दोन भागांमधील समुद्रात न्यावी लागली. त्यामुळे ब्रिटनशी एकनिष्ठ असलेला तेथील समाज दुखावला. सार्वमताच्या प्रचारात या प्रश्नाची इंग्लंडमध्ये फारशी चर्चा झाली नव्हती.

गोव्याच्या कौलाशी तुलना

गोमंतकीयांना अशा मतदानाचा अनुभव आहे. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे की संघप्रदेश म्हणून राहावे, हा प्रश्न होता. विलीनीकरणासाठी फूल, तर संघप्रदेशासाठी दोन पाने ही चिन्हे होती. संघप्रदेशाच्या बाजूने १,७२,१९१, तर विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली. फरक ३४,०२१ मतांचा होता. त्या लढ्यातील कटुता काही कमी नव्हती. गोव्याबाहेरील गोमंतकीयांना मताधिकार असावा की नाही, हा वादही तेव्हा झाला होता.

तरीही एक मूलभूत भेद लक्षात घ्यावा लागतो. फुलावर शिक्का मारणाऱ्याला महाराष्ट्र राज्य कसे आहे हे माहीत होते. दोन पानांवर शिक्का मारणाऱ्याला संघप्रदेशाची व्यवस्था परिचित होती. दोन्ही पर्याय मूर्त होते. शिवाय कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून दयानंद बांदोडकर यांच्या सरकारने आधीच राजीनामा दिला होता. कौल विलीनीकरणाविरुद्ध गेला आणि त्यानंतर दोनच महिन्यांत झालेल्या निवडणुकीत त्याच जनतेने बांदोडकरांच्या पक्षाला पुन्हा सत्तेवर बसवले. प्रश्न एक होता, त्याला एक उत्तर मिळाले आणि राजकारण पुढे सरकले. ब्रिटनमध्ये एका उत्तरातून नवे प्रश्न निघत राहिले आणि एकामागून एक पंतप्रधान त्यांत गुंतत गेले.

पोर्तुगीज पासपोर्टचे मोल

या साऱ्याचा थेट फटका गोव्यातील अनेक कुटुंबांच्या नियोजनाला बसला. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण व दीव येथे जन्मलेल्या व्यक्ती आणि त्यांची मुले-नातवंडे यांना लिस्बनमधील केंद्रीय निबंधक कार्यालयात जन्मनोंदणी करून पोर्तुगीज नागरिकत्व मिळवता येते. पोर्तुगाल १९८६ मध्ये युरोपीय समुदायात आल्यामुळे या पासपोर्टला ब्रिटनचे दार खुले झाले. सासष्टी, बार्देश, तिसवाडीतील कित्येक जण लिस्बनचे कागद घेऊन प्रत्यक्षात स्विंडन, साउथॉल, वेंब्ली येथे स्थायिक झाले. इंग्रजी येत होते, काम मिळत होते आणि ओळखीची माणसे आधीच तेथे होती.

३१ डिसेंबर २०२० रोजी संक्रमणकाळ संपला आणि हा मार्ग बंद झाला. त्यापूर्वी ब्रिटनमध्ये राहणाऱ्या युरोपीय नागरिकांना वास्तव्याचा हक्क टिकवण्यासाठी ३० जून २०२१ पर्यंत अर्ज करण्याची मुदत मिळाली. पाच वर्षांचे सलग वास्तव्य असणाऱ्यांना कायम, इतरांना तात्पुरता दर्जा देण्यात आला. आता नव्याने पोर्तुगीज पासपोर्ट घेणाऱ्याला ब्रिटनमध्ये नोकरीसाठी इतर परदेशी नागरिकांप्रमाणेच व्हिसा लागतो. आयर्लंड, जर्मनी, फ्रान्स आदी सदस्य देशांत त्याला मोकळीक आहे. पण आयर्लंडसारखे अपवाद सोडले तर तेथे भाषा नवी शिकावी लागते आणि आधार देणारी आपली वस्ती सहसा नसते.

येथे एक गोष्ट विसरता येत नाही. भारतात दुहेरी नागरिकत्वाला मान्यता नाही. पोर्तुगीज नागरिकत्व स्वीकारणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते. त्याने येथील मताधिकार सोडला आणि तेथील सार्वमतात त्याला मत मिळाले नाही. दोन लोकशाह्यांच्या मधल्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसाचे आयुष्य तिसऱ्याच कोणाच्या मताने ठरले.

वादाच्या तिन्ही बाजूंना गोमंतकीय वंशाची माणसे होती, हाही एक योग. केनियामार्गे ब्रिटनमध्ये आलेल्या गोमंतकीय वडिलांच्या कन्या सुएला ब्रेव्हरमन बाहेर पडण्याच्या कट्टर समर्थक. थेरेसा मे यांचा करार पुरेसा कडक नाही म्हणून त्यांनी नोव्हेंबर २०१८ मध्ये मंत्रिपद सोडले. लेस्टर पूर्वचे तत्कालीन खासदार कीथ वाझ हे राहण्याच्या बाजूचे होते. वाटाघाटींच्या काळात पोर्तुगालचे पंतप्रधान होते अंतोनियो कॉस्ता, ज्यांच्या वडिलांचे घराणे मडगावचे. हेच कॉस्ता डिसेंबर २०२४ पासून युरोपीय परिषदेचे अध्यक्ष आहेत.

आजचा हिशेब

बाहेर पडल्याने काय साधले? समर्थक स्वतंत्र व्यापार करारांकडे बोट दाखवतात. २४ जुलै २०२५ रोजी भारताशी झालेला करार त्यांपैकी एक. महासंघात राहून ब्रिटनला तो स्वतंत्रपणे करता आला नसता, हे खरेच. दुसऱ्या बाजूला, महासंघात राहिला असता तर जी उत्पादकता असती तिच्या तुलनेत ब्रिटनची उत्पादकता दीर्घकाळात सुमारे ४ टक्के कमी राहील, असा तेथील अर्थसंकल्पीय उत्तरदायित्व कार्यालयाचा अंदाज आहे. स्थलांतराबाबत तर अपेक्षा उलटली. युरोपातून येणारे घटले, पण भारतासह अन्य देशांतून येणारे वाढले आणि जून २०२३ अखेरच्या वर्षात निव्वळ स्थलांतर ९ लाखांच्या घरात पोचले. अलीकडील जनमत चाचण्यांत बाहेर पडणे चूक होते असे म्हणणारे अधिक आढळतात. तरीही परत जाण्याचा प्रश्न उघडण्याची मोठ्या पक्षांची तयारी नाही, कारण परतीची वाट कोणती, यावर पुन्हा तेवढेच मतभेद होतील.

गोव्याच्या देवळांत कौल लावताना आधी प्रश्न नेमका मांडला जातो. पाकळी उजवीकडून पडली तर काय आणि डावीकडून पडली तर काय, हे लावणाऱ्याला ठाऊक असते. ब्रिटनने पाकळी पडू दिली आणि तिचा अर्थ काय, यावर नंतर भांडण सुरू केले. सार्वमत हे लोकशाहीचे समर्थ साधन आहे; पण मतदारापुढे ठेवलेला प्रत्येक पर्याय त्याला समजेल इतका स्पष्ट असेल, तरच हरणारालाही तो निकाल आपला वाटू शकतो.