डाव बरोबरीत सुटतो तो कसा?

जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमी इथे नागपूरच्या दिव्या देशमुखने बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला. समोर कोनेरू हम्पी होती. अंतिम फेरीचे दोन्ही मुख्य डाव बरोबरीत सुटले, पहिला ४१ चालींत, दुसरा ३४ चालींत. अर्धा-अर्धा गुण वाटून १–१ झाले आणि निकाल जलद डावांवर गेला. त्यातलाही पहिला बरोबरीतच.

तेव्हा ताडकळसहून परभणीला स्पर्धा खेळायला गेलेलं आपलं मूल बरोबरी घेऊन आलं, तर नाराज होऊ नये. ती कशी झाली, हे मात्र जरूर विचारावं.

सर्वांत सोपी वाट संमतीची. आधी पटावर आपली चाल खेळायची, मग बरोबरी विचारायची, मग घड्याळाचं बटण दाबायचं. मुलं हा क्रम हमखास चुकवतात. काही स्पर्धांत ठरावीक चालींआधी विचारताच येत नाही, म्हणून नियमपत्रक आधी वाचावं.

दुसरी वाट तीनदा आलेल्या स्थितीची. समजा, पांढरा वजीर ई८वरून शह देतो, काळा राजा एच७वर सरकतो. वजीर एच५वरून शह देतो, राजा जी८वर परततो. हे असंच चालू राहतं. हरत आलेला खेळाडू अशा सततच्या शहाने अर्धा गुण वाचवतो, आणि मला तरी त्यात मोठं कौशल्य दिसतं.

इथे मोजायची ती स्थिती, चाल नव्हे. सगळी मोहरी त्याच घरांत, खेळण्याची पाळी त्याच खेळाडूची आणि किल्लेकोटासारखे हक्कही तेच हवेत. ती लागोपाठ यायला हवी असं नाही.

आता मागणी. आपल्या चालीने स्थिती तिसऱ्यांदा येणार असेल, तर ती चाल फक्त स्कोअरशीटवर, म्हणजे चाली नोंदवायच्या कागदावर लिहायची, घड्याळ थांबवायचं आणि पंचांना बोलवायचं. मोहऱ्याला हात लावला की त्या चालीपुरता हक्क गेला! मागणी चुकीची ठरली, तर प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटं जादा मिळतात आणि लिहिलेली चाल खेळावीच लागते. नोंद अर्धवट असेल, तर पंचांना दाखवणार काय?

५० चालींत कुणी प्यादं हलवलं नाही, काही मारलंही नाही, तरी बरोबरी अशीच मागता येते. राजाला शह नाही, पण खेळायला एकही चाल उरली नाही, तर मागावंही लागत नाही.

शेवटी दोन्ही स्कोअरशीटवर ½–½ लिहून दोघांनी सही करायची. सही करण्याआधी आकडा नीट वाचावा.